शेवटचा नंबर

सांगलीत, तिसऱ्या घंटेआधी,
मी अकरा पोरांच्या गालांना काजळी फासतो.
बालगृहातून वहीत सही करून आणलेली,
साडेनऊला परत.

शेवटच्या अंकात गढी जळते
(लाल जिलेटिन, मागे पंखा)
आणि सुभेदार झालेले शिवलिंग कोष्टी
एकेकाला धुरातून उचलून विंगेत सोडतात.
गुडघा दुखतो त्यांचा. म्हणून पटापट.

काल खोबरेलानं तोंड पुसताना
इरफान म्हणाला,
"काका, मला शेवटी वाचवायला सांगा ना."
का रे?
"शेवटच्याला खाली ठेवत नाहीत.
पडदा पडेस्तोवर खांद्यावरच."

आज पडदा मध्येच अडकला.
गणपा दोरीला शिव्या घालतोय.
सुभेदाराचे पाय लटपटतायत,
पोरगं मानेत तोंड खुपसून.

नऊ पस्तीस.
मी गणपाला खुणावतो: सावकाश.