फक्की

शुक्रवारी मडगावच्या क्लबची दोन माणसं येणार,
एक घड्याळवाला, एक वहीवाला.
गुरुदासच्या हॉटेलात, साखळीच्या बाजारात,
निकाल त्यांच्या आधीच लागतोय.

"घेणार," दामू शेटकर म्हणतो
आणि पाव पातळ भाजीत बुडवून तसाच धरतो,
"सोयरूसारखा डावा पाय
या भागात वीस वर्षांत झाला नाही."
"डावाच," कुस्तोदियो मास्तर म्हणतात,
"उजवा फक्त बस पकडायला."
हॉटेलभर हशा.
मास्तरांचा स्वतःचा गुडघा
एकोणऐंशी साली म्हापशाच्या मैदानात राहिला.
तेव्हापासून ते कुणालाच चटकन पुढे पाठवत नाहीत.

"एकवीस पूर्ण झाली. क्लबला सोळाची पोरं हवीत,
ओल्या मातीची."
"उंची?"
"पाच-चार. बूट घालून."
"तो काय नारळ पाडायला चाललाय?"
"आणि मागे येत नाही. चेंडू गेला
की कमरेवर हात, वीजबिलाच्या रांगेत असल्यासारखा."
"वीजबिलावरून आठवलं," गल्ल्यावरून गुरुदास,
"वीज खात्यात क्रीडा कोट्यातून चिकटला
तर निवृत्तीपर्यंत विंगर."
"मुख्य दोष कुणी बोलतच नाही," मास्तर बोट वर करतात,
"दर वेळी आत वळतो.
बाहेरून जातच नाही कधी.
चांगला बॅक हे दोन मिनिटांत ओळखेल."
यावर मात्र दामूनेही पाव खाल्ला.

तेवढ्यात तोच आला.
हातात पिशवी, पिशवीत बूट.
"दोन उंडे, सुकी भाजी. पार्सल."
सगळ्यांना आपापल्या बशीत एकदम काहीतरी दिसलं.
"कितें रे सोयरू, बरो मू?"
"बरो, सर."
आजोबांचं नाव पोराला लावलेलं,
लाउडस्पीकरवाला दर सामन्याला ते घेताना हसतो.
तो गेला.
"पाहिलंत?" दामू उठून उभाच राहिला,
"उंबरा ओलांडला तो उजव्याने!"

मला कुणी विचारलं नाही.
मी कॉलेजचा शिपाई, फक्की मारणारा.
खनिजाचे ट्रक जातात, लाल धूळ बसते,
सकाळची पांढरी रेघ दुपारपर्यंत गुलाबी होते,
मग संध्याकाळी पुन्हा.
पंचायतीने गटार बांधलं त्या साली
डावी रेघ मी चार मीटर आत घेतली.
प्राचार्यांना सांगितलं, ते म्हणाले बघू.
तेव्हापासून टेप माझ्याच कपाटात आहे.
दुसऱ्या कुणी मोजलं नाही.

म्हणजे तीन वर्षं तो पोरगा
बाहेरून जाणार होता कुठे?
बाहेर गटार होतं.

हे मी बोलायला हवं होतं, चहा गार व्हायच्या आत.
पण मास्तरांनी विचारलं असतं,
"मोठ्या मैदानात तो जाईल बाहेरून?"
आणि त्याचं उत्तर टेपवर नव्हतं.

गुरुवारी, सराव संपल्यावर,
त्याच्या स्कूटरवर मागे फक्कीची गोणी घेऊन
आम्ही सड्यावर गेलो.
तिथे खडक आहे, वारा आहे, गटार नाही.
मी पुरी रुंदी मोजली. अडुसष्ट.
रेघ खडकावर नीट बसेना, उडत होती.
"धाव," म्हटलं, "रेघेपर्यंत."

धावला. आणि चार मीटर अलीकडे
पाय आपोआप आत वळला.
त्याने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी टेप गुंडाळत राहिलो.
दुसऱ्यांदाही तिथेच,
जणू कुणी खडकात ते गटार खोदून ठेवलंय.

अंधार पडला होता. खाली न्हावेलीच्या बाजूला दिवे.
तिसऱ्यांदा तो धावला तेव्हा
मला फक्त बुटांचा आवाज येत होता
आणि मी आवाजाचे मीटर मोजत होतो,
साठ, बासष्ट, चौसष्ट