सातवं मिनिट

पूर्वी या खोलीत डोकं दुखायचं.
लिटरभर सांडपाण्याला पाव लिटर द्रावक,
गोडसर वासाचं, हातमोज्यातूनही बोटं गार पाडणारं,
आणि महिन्याअखेर निळं पिंप न्यायला पोर्तूहून ट्रक.
पाण्यातलं चिमूटभर विष शोधायला
आम्ही पिंपभर विष विकत घेत होतो, पावतीसकट.

आता माझ्याकडे दोन बरण्या.
एकीत पुदिन्याच्या अर्काचे खडे, दुसरीत ओव्याच्या.
दोन्ही कोरडे, आपापल्या जागी ताठ.
एका कुपीत घातले की एकमेकांना लागून पाघळतात,
ना चूल, ना पाणी.
कितीदा डोळ्यांत तेल घालून बसले,
तो क्षण सापडत नाही.

त्यातले चार थेंब. बस्स.
कुपीभर सांडपाण्यात टाकून हलवायचं,
ते ताकासारखं पांढरं होतं,
मग गरगर फिरवायचं, की थेंब वर येतो
तोंडात काहीतरी धरून.
काय धरलंय ते यंत्र सांगतं.
त्यालाही मी हल्ली उसाचा मद्यार्कच पाजते.

गाव एकशे दहा घरांचं,
आव्हेइरूच्या खाडीकाठी, मिठागरांना पाठ टेकून.
पाद्रीबाबांना कळत नसेल ते मला कळतं:
तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांची कॉफी,
अकराव्याला गुडघे, मिठात उभे राहून झिजलेले,
आणि सातव्याला
माझा भाऊ.

एव्हारिश्तू. फिटची गोळी, सकाळ-संध्याकाळ, एकोणीस वर्षं.
गावात ती घेणारा तो एकटाच.
हौदातले जिवाणू साबण खातात, चरबी खातात,
त्या गोळीला तोंड लावत नाहीत.
हौदामागून हौद ओलांडून ती खाडीत उतरते,
आणि दर मंगळवारी माझ्या कागदावर एक टेकडी.
आमचं बोलणं नव्हतं. वाटणीतलं एक मिठागर, तेवढंच कारण.
पण मंगळवारी कळायचं:
आहे. गोळी चुकवत नाही.

फेब्रुवारीत गेला. फिटनं नाही, न्यूमोनियानं.
पुढच्या मंगळवारी सातव्या मिनिटाला रेघ सपाट.
नवी कुपी घेतली, नवे चार थेंब.
सपाट.
यंत्राला काय, त्याला जे आहे तेच दिसतं.

मार्चमध्ये झुल्मीरावहिनीनं डबा हातात ठेवला,
सत्तेचाळीस गोळ्या.
म्हणाली, औषधाच्या दुकानात परत घेतात ना?
हे मला विचारत होती, जी दर वर्षी शाळेत जाऊन
पोरांकडून वदवून घेते:
औषध संडासात टाकायचं नाही.

रविवार होता, दुकान बंद होतं, असं म्हणता येईल.
डबा घरात ठेववत नव्हता, असंही.
एकेक करून सोडल्या. सत्तेचाळीस. साखळी तीनदा ओढली.
परवा मंगळवार आहे, हे मला माहीत होतं.

टेकडी नव्हतीच ती.
कागदाच्या वरच्या कडेला धडकलेला सुळका.
आव्हेइरूहून किंतेला साहेबांचा फोन:
यंत्र बिघडलंय का?
नाही.
कुपी घाण होती?
नाही. शंभर पट पातळ करून पुन्हा पाहिलं.
मग?

खिडकीबाहेर ओहोटी.
शिंपल्या वेचणाऱ्या बायका चिखलात वाकलेल्या,
दुपारी त्यांच्या बादल्या कोणाकोणाच्या ओट्यावर जातील,
एक तर माझ्याच.

नोंदवहीत ‘कारण’ असा रकाना आहे.
एरवी तिथे आम्ही ‘अज्ञात’ लिहितो.
मी माझं नाव लिहिलं.
अक्षर जरा तिरकं आलं, बोटं ओव्याच्या वासाची,
घासली तरी तो वास दोन दिवस जात नाही.

साहेब अजून फोनवर होते.