थडी

निफाड फाट्यावर विचारलं, किनारा कुठे?
चहावाला हसला, "समुद्र मागं राहिला, ताई."

पुंजाराम गांगुर्डे हसला नाही.
सायकल उसाला टेकवून म्हणाला,
पाणी उतरलं की चिखल तोच.
मनोऱ्यावर नका जाऊ, तिथं सहली येतात.
चापडगावच्या अंगानं, मोटरीचा पाइप धरून खाली या.
ऊन पाठीशी ठेवा.
आणि ती पांढरी ओढणी काढा.

बसले.
नाकात शेवाळाचा वास,
आमच्या खाडीचाच, मीठ वगळून.

आधी शेकाटे आले, गुलाबी काड्यांवर,
कुणाचे तरी पाय उसने आणल्यासारखे जपून.
मग एक तुतारी, बूड हलवत, घाईत.
पाणटिवळ्यानं चोच डोळ्यांपर्यंत खुपसली,
गाळात पडलेली किल्ली चाचपावी तशी,
आणि बराच वेळ काढलीच नाही.

"धरण कधी सोडणार,
ते यांना माझ्याआधी कळतं," पुंजाराम म्हणाला.
त्याचे वांगे दोनदा बुडालेत.

वहीत 'किनारा' लिहिलं. खोडलं. 'थडी' लिहिलं.
खाली खुणेचा बाण काढत होते,
तर तो वाकून बघत म्हणाला,
"परवा इथं कमरेएवढं पाणी असेल.
बाण पेन्सिलीनं काढा."