मुद्देमाल

नाव? नायरी ड्रायबर्ग.
व्यवसाय? इथे दोघंही थांबलो.
लिहा, पहाटे बेकरीत पाव भाजते.
रात्रीचं लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

डनेडिनमधला जुलै. हीटर नुसताच लाल.
कॉन्स्टेबल टाउफा दोन बोटांनी टाइप करतो
आणि मी सांगते, व्हॅनमधून काय काय गेलं.

एक गिटार. जपानी, अठ्ठ्याहत्तर सालची.
कुठल्याशा नामांकित गिटारीची नक्कल,
पण नक्कलच आता इतकी म्हातारी झालीय
की अस्सल असेल तीही उठून जागा देईल.
रंग? विसरून गार झालेल्या चहाचा.
ओळखीची खूण? तिसऱ्या तारेची खुंटी नाही,
तिथे सायकलचा बोल्ट.
बाराव्या पट्टीच्या पुढे एक सूर खरखरतो.
तो काढू नका, म्हणून तीन कारागिरांशी भांडलेय.
किंमत?
एकशे ऐंशी डॉलर. म्हणजे तेव्हा.
आता?
मी खिडकीबाहेर बघते.
तो एकशे ऐंशी लिहितो.

दुसरी, बारा तारांची. तारा नऊ.
– तीन आधीच चोरीला गेल्या?
– नाही हो, मीच काढल्या. फार बोलायच्या.

एक अ‍ॅम्प, व्हॉल्व्हचा, दोघांनी उचलायचा.
आधी ओआमारूच्या चर्चच्या हॉलमध्ये
बिंगोचे आकडे पुकारायचा.
तापला की उंदरांचा वास येतो,
आणि कधीकधी गाण्याच्या ऐन मध्यावर
कुठल्यातरी टॅक्सीचा वायरलेस त्यात शिरतो:
दोन माणसं, स्टेशनपाशी, सामान जास्त.
आमच्या पहिल्या रेकॉर्डवर ते तसंच राहिलंय.
लोक मला त्याचा अर्थ विचारतात.

पेडल दोन.
एकावर नेलपॉलिशने लिहिलंय ‘नको’.
तेच मी सगळ्यात जास्त दाबते.
दुसरं डेझ्मंडमामानं बिस्किटाच्या डब्यात बसवलेलं,
मटणाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीत.
बटणं दोन. एक चालू करायचं.
दुसरं कशाचं, ते सांगायच्या आत तो गेला.
– हे लिहू?
– दुसऱ्या बटणाचं तेवढं लिहा.

वायरी सतरा, पावाच्या पिशवीच्या चिमट्यांनी बांधलेल्या.
चार ट्रॅकचं कॅसेट मशीन. आत कॅसेट.
– कॅसेटवर काय?
– मी. शब्द सुचायच्या आधीची. आणि फ्रिज.
– किंमत शून्य धरू?
– धरा.

सहीसाठी पेन शोधताना कोटाच्या खिशात
प्लेक्ट्रम लागलं हाताला,
आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेलं.
म्हणजे एवढं आहे.
मी ते परत आत टाकलं, कुणी बघायच्या आत,
जणू मीच ते ढापलं होतं.

सात आठवड्यांनी फोन.
इनव्हरकार्गिलमधलं गहाणवटीचं दुकान.
बोल्टवरून ओळखली, म्हणाले.
बाकी कशाचाच पत्ता नाही.
रांगीची गाडी मागून घेतली,
दोनशे किलोमीटर मेंढ्या बघत गेले.

कुणीतरी तिला पुसलं होतं. तारा नव्या.
मी सहज अंगठा फिरवला
आणि दचकून हात मागे घेतला.
चोरानं ती सुरात लावली होती.
बरोबर सुरात, शिकवणीच्या पुस्तकात असते तशी.
अकरा वर्षं मी तिला माझ्या वाकड्या सुरात डांबलेलं,
एक तार पाडून, दोन चढवून,
आणि ही पाहा,
परक्या खोलीत, परक्या मांडीवर
सरळ बोलायला शिकून आलेली.
बारावी पट्टी ओलांडून बघितली.
खरखर होती.
त्यानं ठेवली, की त्यालाही गेली नाही,
कोण सांगणार?

घरी आणून भिंतीला टेकवली.
खुंट्यांना हात लावला नाही.
सकाळी अंगाला पीठ तसंच, टाउफाला फोन केला.
मिळाली.
– छान, म्हणाला. काही नुकसान?
त्याची दोन बोटं बटणांवर थांबलेली
मला इथून दिसत होती.
– थांबा, मी म्हटलं,
अजून वाजवून बघितली नाहीये.