सात मोजेपर्यंत

लांजेवाराच्या मेडिकलात काउंटरमागे फळी एकच,
हात पुरेल एवढी. तिच्यावर चार खोकी बसायची.
बाकी सगळं माळ्यावर:
शिडी लावा, चढा, धूळ फुंका, उतरा.
गुडघे दुखायचे त्याचे,
म्हणून एकदा उतरवलेलं खोकं तो लगेच परत नेत नसे.
पाचवं आलं की सगळ्यात जुनं वर जायचं.

माणूस मुका म्हणावा असा.
कोण काय घेऊन गेलं, बायकोलाही सांगितलं नाही कधी.
कागदात गुंडाळायचा, वर रबर,
नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मी अकरा वर्षांची पोट्टी.
मामीनं पाच रुपये दिले आणि काम:
"जाय, इंदूच्या आधी जाय. चार औषधांचा भाव विचार,
चारही माळ्यावरच्या.
मंग थे येऊन गेली का पुन्हा जाय,
लाल कॅप्सूलचा भाव विचार. आन मोज."

कसल्या कॅप्सूल, मला माहीत नव्हतं.
मामीला होतं.

भाव त्याला पाठ नसायचा, खोक्यावर वाचायचा.
माळ्यावरचं असलं तर चाळीस मोजून व्हायचे.
त्या दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं,
मी सातवर आले
आणि त्यानं भाव सांगितला.

सात.
तेवढंच मी मामीला सांगितलं.
पोळ्याच्या आत इंदू वासेकरचं
हिंगणघाटला ठरलेलं लग्न मोडलं.
लांजेवार बोलला, असं गाव म्हणालं.
तो बोलला नव्हता.
त्याचे गुडघे बोलले होते.

आता त्याच गावात, वरच्या खोलीत, कूलरच्या ओल्या खसासमोर
मी कुलपांचा कोड लिहिते.
एक चावी जगाला वाटून द्यायची,
दुसरी कोणाला दाखवायची नाही.
"कॅशचं काम करते," शेजारीण सांगत फिरते,
लोकांना वाटतं बँकेत.
कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताजवळची ती फळी.

गणित पक्कं आहे. कुलूप कोणी फोडत नाही.
शेजारी बसलेला एक साधासुधा प्रोग्राम
फळी आधी आपल्याच सामानानं भरतो,
चावी फिरू देतो,
मग आपलंच सामान परत मागतो आणि मोजतो.
जे उशिरा आलं, तिथं कोणाचा तरी हात पडून गेला.
हजारदा असं. एकेक दात करत
चावी उभी राहते त्याच्यापुढे.

गेल्या आठवड्यात आमच्याच कोडात सापडलं:
तक्त्यात सोळा घरं,
आणि चावी म्हणेल तेवढंच घर उघडायचं, थेट.
मी दुरुस्ती लिहिली. दर वेळी सोळाही उघडायची,
हवं ते ठेवायचं, पंधरा शून्यानं पुसायची.
"अकरा टक्के मंद झालं, कशासाठी?"
बंगळुरूच्या पोरानं विचारलं.
मी लिहिलं, डोकेदुखीच्या गोळीलाही शिडी लागली पाहिजे.
मग ते खोडलं. रीतसर कारण दिलं.

लांजेवाराला जाऊन तेरा वर्षं झाली.
शेवटी शेवटी कोणी नुसती पट्टी मागितली तरी
तो माळ्यावर चढायचा, एकूण एक खोकं हलवून यायचा,
पोरं हसायची, म्हातारचळ म्हणायची.
मी शहरात होते तेव्हा. आईनं फोनवर सांगितलं
आणि मीही हसले होते.

इंदू सहा महिन्यांत बरी झाली होती.
आता अंगणवाडीत आहे. संध्याकाळी नळावर भेटते.
"काऊन वं, मामी बरी हाय ना तुयी?"
साधा प्रश्न.
माझं उत्तर माळ्यावरून येतं.
ती थांबते, बादलीत पाणी चढत असतं,
ओठ हलतात तिचे, आवाज नाही.
बादल्या मोजत असेल.