शेपूट

मितूच्या दवाखान्यात मी दुभाषी.
एक टेबल, एक पंखा, बोगोताचा एक डॉक्टर.
म्हातारा सांगतो, नातवाला रात्री झटका आला.
आमच्या तुकानोत क्रियापदाला शेपूट असतं;
त्यावरून मला कळतं की झटका त्याने पाहिलेला नाही,
भिंतीपलीकडून ऐकलाय.
मी स्पॅनिशमध्ये सांगते: झटका आला.
शेपूट माझ्या हातात उरतं, पालीचं उरतं तसं,
थोडा वेळ वळवळत.

लहानपणी मी एकदा म्हणाले, कुत्र्याने मासा खाल्ला.
वडील म्हणाले, खाताना पाहिलंस? की काटे पाहिलेस?
काटे पाहिले असशील तर काट्यांचं शेपूट लाव.
आमच्या घरात खोटं बोलणं
आणि व्याकरण चुकणं
यांना शिक्षा एकच होती.

आईची भाषा देसानो. लग्नात ती घेऊन आली,
आपल्या किसणीसारखी.
आपल्याच भाषेतला नवरा करायचा नसतो,
वडिलांची भाषा बोलणारा भाऊ लागतो.
ती तिच्या भाषेत हाका मारायची,
आम्ही वडिलांच्या भाषेत ओ द्यायचो.
स्पॅनिश दाराबाहेर, रबरी बुटांशेजारी.

मला ती आवडायची, खरं सांगते.
तिच्यात मला माहीत असतं, आणि कसं माहीत
ते कोणी विचारत नाही.
एकदा कारकुनाला तोंडावर म्हणाले, तू पैसे खाल्लेस.
तुकानोत आधी शेपूट शोधलं असतं,
आणि शोधता शोधता राग ओसरला असता.

मग एवारिस्तो.
माझ्याकडे यायला निघालेला. नाव उलटी मिळाली, खडकांच्या खाली,
इंजिन गेलेलं, एक बूट फांदीत अडकलेला.
पोलिसाने फॉर्मवर लिहिलं: बुडाला.
एक शब्द, वर शिक्का.
मी सही केली. हात थरथरला नाही.

आईचं गाव दोन दिवस वर, नदीने.
नावेत बसून मी वाक्य जुळवत होते.
बुडाला, मी पाहिलं: नाही पाहिलं.
बुडाला, मी ऐकलं: मी तेव्हा मितूत झोपले होते.
बुडाला असावा, बुटावरून.
आई म्हणेल, बूट काय, निसटतो.
बुडाला म्हणे.
कोण म्हणे?
आणि म्हणे म्हटलं की त्याला परत यायला
एक फट उरते.
ती ठेवायचा मला काय अधिकार,
बुजवायचा तरी काय.
मोटार मध्येच बंद पडली
तेव्हा मला बरं वाटलं.

आई कसावा किसत होती.
मी तोंड उघडलं, आणि तिने किसणी मांडीवरून खाली ठेवली.
ओंजळभर स्पॅनिश येतं तिला:
मीठ, साबण, काडेपेटी, केवढ्याला.
त्याच बाजारातल्या स्पॅनिशमध्ये,
आयुष्यात पहिल्यांदा घराच्या आत, ती म्हणाली,
त्यांचं बोल.

मी सांगितलं. एक शब्द.
मीठ महागलं म्हटल्यावर हलवते तशी तिने मान हलवली.
मग पुन्हा किसायला बसली.
अंधार पडेपर्यंत तेवढा एकच आवाज,
त्याला कुठलंच शेपूट नव्हतं.

वर्ष झालं. पाहुणे येतात, धाकट्याचं विचारतात.
आई देसानोत उत्तर देते, मी कान देऊन ऐकते.
बुडाला म्हणत नाही. असावा नाही, म्हणे नाही.
म्हणते, ह्या काठावरून गेला,
पहाटे, पेट्रोलचा डबा डाव्या हातात.
आणि त्या गेला-ला
पाहिल्याचं शेपूट लावते.