तेरा मडक्यांची बाटली

बाफुलाबेच्या बाजारात मी मडकी विकते.
आमच्यात लोखंड पुरुषांचं, माती बायकांची;
नवरा भात्यापाशी, मी नदीकाठच्या चिखलात.

गुंदो पहिल्यांदा आली ती मोठा माठ मागायला.
म्हणाली, पोरीला तहान लागते,
रात्री उठून उठून पिते,
घरातला पुरत नाही.
मी हसले. म्हटलं, एप्रिल आहे बाई,
इथे दगडसुद्धा पाणी मागतात.
त्या हसण्याचं काय करू
अजून कळलेलं नाही.

न्यूमा, वय नऊ.
माझा माठ दोन दिवसांत रिता केला तिनं
आणि तिसऱ्या दिवशी गाढवाच्या गाडीत पडून
दवाखान्यात गेली.
तोंडाला पिकून उतरलेल्या आंब्याचा वास.
मोदिबोनं तो वास ओळखला.
त्याच्याआधी तिघांनी हिवताप म्हटलं होतं.

दुसऱ्यांदा आली
तेव्हा हातांनीच माप दाखवलं : एवढं लहान,
आणि ते आत बसेल असं एक मोठं.
मधे वाळू, वाळूत पाणी, वर ओलं फडकं.
आत राहणार होती औषधाची बाटली,
माझ्या अंगठ्याएवढी. तिला ऊन सोसत नाही.
गावात फ्रिज एकच, सरबतवाल्याचा,
त्याचीही वीज दुपारीच दम टाकते.

मी विचारलं, केवढ्याला पडते?
साडेसहा हजार फ्रँक.
माझं मडकं पाचशेला.
बोटांवर मोजलं. तेरा.
तेरा मडकी म्हणजे
चिखल तुडवायचा, खापरं कुटून कालवायची,
वळायचं, वाळवायचं, गवतात भाजायचं;
दोन तडकणारच, म्हणून पंधरा.
आणि महिन्याला बाटल्या दोन.
सुया वेगळ्या. बामाकोची बस वेगळी.
रक्त बघायच्या पट्ट्या
त्या तर सोन्याच्या भावानं.

ती बाटली कुठे घडते, मला ठाऊक नाही.
त्यांच्या भट्टीत किती तडकतात, कोण जाणे.
पण मीही विकते.
भाव सांगताना मला समोरच्या बाईकडे बघावं लागतं.
या बाटलीमागे तोंडच नाही कुणाचं,
घासाघीस करायची कुणाशी?

पलीकडच्या तीरावर हारुना होता.
त्याचा बाप सुई अर्धीच भरायचा,
मीठ पुरवून पुरवून वापरावं तशी.
औषध सणापर्यंत पुरलं.
सणानंतर पोराला पुरलं.
मी चिखल आणते त्याच्या थोडं वरच्या अंगाला.

मग आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत गेलो :
गुंदो, मोदिबो, हारुनाचा बाप,
आणि मी, मडकं डोक्यावर घेऊन.
हारुनाचा बाप एक शब्द बोलला नाही.
मोदिबोनं नावं वाचली, सतरा मुलांची,
काही नावांपुढे थांबला.
मी मडकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.
ते म्हणाले, उचला, गळतंय, कागद भिजताहेत.
म्हटलं, गळत नाही, पाझरतंय.
पाझरतं म्हणून तर आत गार राहतं.
त्यांनी बोट लावून बघितलं.
कागद मात्र आधी बाजूला केले.

ज्वारीच्या कापणीपासून
दवाखान्यात बाटली हजाराला मिळते.
येते तेव्हा.
मधे दोन महिने आलीच नव्हती,
तेव्हा न्यूमाची बाटली तीन घरांत फिरली
आणि मोदिबो रात्रभर तिन्ही घरी.
पट्ट्या अजून बामाकोतच.

मी आता जोडीनं मडकी घडवते.
बाहेरच्याचे पाचशे घेते.
आतल्याचा भाव मला सांगता येत नाही,
नवरा रागावतो, रागावू दे.

परवा न्यूमा आली, ओंजळभर वाळू न्यायला.
पाणी मागितलं. वाडगा दिला.
अर्धा प्यायली,
अर्धा खाली ठेवला आणि गेली.
ते उरलेलं पाणी
मी कितीतरी वेळ
बघत बसले.